आईची वेगळी चूल

माझ्या आईबापाच्या लग्नाला मी जातीने हजर होतो. नुसता हजर नव्हतो. मांडवाचा उंबराचा खांब मीच खांद्यावरून आणला, आणि तो खांब एवढा लांब होता की त्याचं पुढचं टोक आमच्या अंगणात पोचलं तेव्हा मागचं टोक अजून नदी ओलांडत होतं. शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो खांबाबद्दल काही विचारत नाही. खांब त्याला लगेच पटतो. आईबापाचं लग्न मात्र पटत नाही. तो माझ्याकडे असा बघतो, जणू माझ्या जन्माचाच काहीतरी घोळ आहे. घोळ काही नाही. आम्ही वारली. आमच्यात पोरीचं मन बसलं की ती पोराच्या घरी राहायला येते, दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसून ताडी पितात आणि संसार सुरू होतो. लग्न म्हणजे मांडव, भिंतीवरचा चौक, सवासिणी, गावजेवण आणि लग्न लावणारी धवलेरी. हे सगळं जमेल तेव्हा करायचं. कुणाचं वर्षात जमतं, कुणाचं नातवाच्या बारशानंतर. मात्र एक नियम पक्का. ज्यांचं स्वतःचं लग्न लागलेलं नाही, त्या आईबापाला पोरांच्या लग्नात चौकासमोर बसता येत नाही. म्हणजे आधी म्हाताऱ्यांनी हळद लावायची, मग पोरांनी.

आमचं घर साखरशेत गावाच्या पलीकडे, जिथे वाट संपते आणि माणसाला वाटतं की आता फक्त डोंगर उरला, तिथून आणखी थोडं पुढे. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचा लेप, आत एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि मधे भाताची कणगी. बैल आणि आम्ही यांच्यात भिंत नव्हती. त्यामुळे मला लहानपणी बरीच वर्षं वाटत असे की आमचा बैल तांबू हा माझा मोठा भाऊ आहे आणि तो अभ्यासात कच्चा असल्यामुळे त्याला शाळेत घालत नाहीत. पहाटे आधी जात्याची घरघर सुरू व्हायची, मग कोंबडा, मग माझ्या बापाचा आवाज. कोंबड्याने हळूहळू आरवणंच सोडून दिलं होतं. बापापुढे त्याचं चालेना. माझा बा, लखमा, साध्या आवाजात ‘पाणी दे’ म्हणाला तरी खालच्या पाड्यावर बायका हंडे घेऊन बाहेर येत. तो बाजाराला मोखाड्याला गेला आणि तिथे कुणाशी भांडला, तर काय भाव ठरला ते आम्हाला इथे घरबसल्या कळे.

आई, सोनी तिचं नाव, बोलतच नसे म्हटलं तरी चालेल. तिचं सगळं बोलणं फुंकणीतून. लांब, सावकाश फुंकर आली की समजायचं, आज मन ठीक आहे, भाकरीबरोबर उडदाचं घट्ट वरण मिळणार. तुटक तुटक फुंकर आली की बापाने रात्री काहीतरी थाप मारली आहे आणि ती पकडली गेली आहे. त्या दिवशी नुसती नाचणीची आंबील, तीही वाफेने तोंड भाजेल अशी. श्रावण-भादव्यात कणगीचा तळ दिसायला लागला की ती रानातून कडूकंद खणून आणायची, चकत्या करून उकडायची आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या धारेत ठेवायची, कडवटपणा वाहून जावा म्हणून. एकदा माझ्याने सबुरी धरवली नाही आणि मी पहाटेच एक चकती तोंडात टाकली. माझी जीभ तीन महिने बाहेर होती. शाळेत मास्तरांनी हजेरीला तेवढ्यावरच ‘आहे’ अशी खूण केली. आता माझ्या सुनेच्या ओट्यावर गॅस आहे. बटण पिरगळलं की निळी ज्योत. चांगलं आहे, धूर नाही, डोळ्यांना त्रास नाही. पण ती रागावली आहे की नाही हे मला आज जेवायला बसल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो.

नदीच्या पलीकडच्या पाड्यावर माझा मामा, काकड्या. आईचा सख्खा आणि एकुलता भाऊ. पावसाळा सोडला तर तो दर दोन-चार दिवसांनी यायचा, आमच्यासाठी करवंदं, जांभळं, कधी आंब्याच्या पानात बांधलेला मध आणायचा. पण यायचा तो अंगणापर्यंत. उंबऱ्याच्या आत नाही. आणि येताना पाणी पिण्याचा स्वतःचा भोपळा गळ्यात अडकवून यायचा. आमच्या घरचा घोट नाही, घास नाही. एकदा त्याला अंगणात अशी उचकी लागली की समोरच्या डोंगरावरची वानरं उचक्या मोजायला लागली, आणि त्याचा भोपळा होता रिकामा. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. त्याने हात जोडले, उचकी देत देत नदीपर्यंत चालत गेला आणि तिथे प्याला. मी विचारलं, “आये, मामा आपलं पाणी काहा नाय पीत?” आईने फुंकणी उचलली. तुटक, तुटक, तुटक.

तर त्याचं कारण होतं वाटा. उन्हाळ्यात नदी आटत आली की डोह तेवढे उरतात. मग दोन्ही पाडे मिळून एक डोह उपसतात. वरच्या अंगाला दगडमातीचा बांध घालून धार बाजूला काढायची, डब्यांनी, टोपल्यांनी, हंड्यांनी पाणी बाहेर फेकायचं आणि चिखलात राहील ती मासळी धरायची. मग वाळूत पळसाची पानं मांडून वाटे पाडायचे. आणि वाटा माणसाचा नसतो, मेहनतीचा नसतो, वाटा असतो चुलीचा. घरात दहा तोंडं असोत की एकटी रांडाव बाई, जिची चूल वेगळी तिचा वाटा वेगळा, आणि सगळे सारखे. वाटेने जाणारा परका थांबून बघत राहिला तर त्यालाही मूठभर. ज्याला वाटा नाही तो माणसांत नाही. शिवी दिलेली आमचा माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो. वाट्यातून वगळलेलं विसरत नाही.

आई नदी ओलांडून बापाच्या घरी राहायला आली, त्याच उन्हाळ्यात मामाने आपल्या बापापासून वेगळं होऊन तीन दगड मांडले होते. नवी बायको, नवी झोपडी, नवी चूल. डोह उपसला, वाटे पडले. नावं पुकारायचं काम माझ्या बापाकडे. आवाजाचा मान दुसऱ्या कुणाला देणार? त्याने एकेक चूल पुकारली. आईच्या बापाची पुकारली. मामाची पुकारली नाही. मामा रिकामी टोपली घेऊन उभाच. म्हणाला, “माझी राहिली.” आणि माझ्या बापाने, सगळ्या पाड्यांसमोर, नव्या मेहुण्याची चेष्टा करायची म्हणून सांगितलं, “तुझी चूल अजून ओली हाय, काकड्या. तोवर बापाच्यात खा!” लोक हसले. बा तर स्वतःच्या विनोदावर नेहमीच सगळ्यांत आधी हसत असे. मामाने टोपली उपडी केली, झटकली आणि सांगितलं, लखमाच्या चुलीवरचा घास खाणार नाही, लखमाच्या घरचं पाणी पिणार नाही. आणि मग माझी थोरली बहीण जानी जन्मली, मी जन्मलो, घरात बैलांच्या दोन पिढ्या झाल्या, तरी तो पाळत राहिला.

आईबापाचं लग्न राहिलं ते यामुळे. आमच्यात नवरीला तिच्या भावाने हात धरून चौकासमोर आणून बसवायचं असतं. बा कारणं सांगायचा. एका वर्षी म्हणे भात कमी पिकलं, एका वर्षी मांडवाच्या जागी अस्वल येऊन बसलं आणि उठेना. अस्वलाचं त्याने इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्या अस्वलाला आमच्याकडे नाव होतं. आई काही म्हणत नसे. हात धरणारा जोवर उंबरा चढत नाही तोवर ती चौकासमोर बसणार नव्हती, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

मग जानीला जामसरचं स्थळ आलं. पोराचं नाव देवराम. लाजाळू एवढा की बघायला आला तो आमच्या बैलाकडेच बघून गेला, आणि घरी जाऊन म्हणाला, पसंत आहे. जानीलाही तो आवडला. जानी म्हणजे बापाची लेक, रोखठोक. “मांडव कशाला? मी उद्या टोपली उचलते नि जाते त्याच्या घरी. तू नाय आलीस अशी?” असं ती आईला म्हणाली. आईने भाकरी थापता थापता हात थांबवला. मी तिला इतकं लांब वाक्य बोलताना तोवर ऐकलं नव्हतं. “मी आले ती पाठ मोकळी घेऊन आले. माझ्या मागं कुणी उभं नव्हतं. तू मांडवातून जाशील, नि बारक्या तुझा हात धरून नेईल.” बारक्या म्हणजे मी. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण उडून बैलाला लागलं.

जामसरवाले भले लोक, पण त्यांनाही शेतीभाती होती. पोराच्या बापाने तंबाखू मळत सांगून टाकलं, “पावसाच्या आत झालं तर झालं. भाताचे राब भाजून झालेत, पेरणीला घरात हात पायजेत. मोखाड्याकडची एक पोरगी पण सांगून आलीय.” जानीने ते कुडाआडून ऐकलं. त्या दिवशी तिने उखळात असं भात कांडलं की तांदळाचं पीठच झालं.

मग बा मामाकडे गेला. परत आल्यावर त्याने चारचौघांत सांगितलं की मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने बापाला मिठी मारली, फक्त पायाला काटा लागल्यामुळे त्याला येता येत नाही. मी त्याच्या बरोबर गेलो होतो. झालं ते असं.

मामा अंगणात दाराला लावायचा झाप विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही. बा म्हणाला, “काकड्या, लगीन काढलंय.”

“कुणाचं?”

“माझं.”

“बरं केलंस. पोरगी कुणाची?”

बा जरा घुटमळला. “तुझी बहीण.”

“माझी बहीण? ती तर कव्हाची नांदते एका ठिकाणी. माणूस बोलतो फार म्हणतात, पण नांदवतो.”

“काकड्या, हात धरून तिला कोण आणील? तुला यायला लागंल.”

“मी कसा येणार?” मामाने झापाची पाती दातांनी ओढली. “ज्याची चूल माणसांत नाय त्याचे पाय मांडवात कसे?”

परत येताना बा नदीच्या मधोमध थांबला आणि बराच वेळ काही बोलला नाही. माझा बा काही बोलला नाही. त्या दिवशी साखरशेतात लोक घराबाहेर येऊन आभाळाकडे बघत होते म्हणतात, एवढी शांतता कशाची म्हणून.

पवनीआजी आमची धवलेरी. दात एकही नाही, पण जीभ अशी की तिला दातांची गरजही नव्हती. आख्ख्या पट्ट्यातली लग्नं तिनेच लावलेली. आई तिच्याकडे गेली, दोघी ओट्यावर बसून कितीतरी वेळ बोलल्या, म्हणजे आजी बोलली. दुसऱ्या दिवशी आजीनेच दोन्ही पाड्यांवर निरोप फिरवला की यंदाचा डोह लवकर उपसायचा, लग्नसराईत मासळी पायजे. बापाला वाटलं, त्याचीच कल्पना. डोहाला मामा येणार हे नक्की होतं; दर वर्षी यायचा, उपसायचा, वाटा मात्र उचलायचा नाही, आणि नदी काही बापाच्या मालकीची नव्हती. बा तयारीत होता. यंदा काकड्याचं नाव सगळ्यांत मोठ्याने पुकारायचं, की झालं, मिटलं. निघताना आईने डोक्यावरच्या टोपलीत रिकामी हंडी, मीठ-मिरची नि चिंचेचा गोळा ठेवला. जानी म्हणाली, “आये, मासळी घरी आणून रांधायची ना?” आई चालायला लागली.

त्या दिवसाची मासळी मी पुन्हा पाहिली नाही. वाम एवढी लांब की शेपूट सापडलं सकाळी आणि डोकं दुपारी. एक मरळ तर अशी निघाली की तिला धरायला गेलेल्या तिघांना तिनेच धरलं. तिची शेपटी हलली तरी काठावरचे लोक भिजत होते. दिवसभर डबे वाजत होते, पोरं चिखलात लोळत होती, बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हंडे फेकत एकमेकींच्या सासवांवरून चेष्टा करत होत्या. माझा बा बांधावर उभा राहून सगळ्यांना हुकूम सोडत होता. मामा पलीकडच्या टोकाला गुमान उपसत होता. त्याचा भोपळा जांभळाच्या फांदीला टांगलेला.

ऊन कलल्यावर वाळूत पळसाची पानं मांडली. मरळीचे तुकडे, वाम, झिंगे, खेकडे, सगळं सारखं. बा पुकारू लागला. एकेक जण येऊन आपला वाटा उचलत होता. मग बापाने छातीत हवा भरली. “काकड्याची चूल!” जव्हारच्या रस्त्यावर एसटी थांबली म्हणतात, ड्रायव्हरला वाटलं कुणी हात केला.

मामा जांभळाखालून उठला नाही. म्हणाला, “आजची धरलीस. तव्हाची?”

“तव्हाची मासळी आता आणू कठून?” बा भडकला. “ती खाऊन पचून तिचं खत होऊन त्यावर भात पिकून ते पण खाऊन झालं!”

लोक हसले. परत तसेच हसले. मी मामाकडे बघत होतो. त्याने फांदीवरून भोपळा काढला, गळ्यात अडकवला आणि रिकामी टोपली उचलली. जानीने माझं मनगट धरलं. तिला कळलं होतं. मामा एकदा पलीकडे चढला की मग मांडव नाही, देवराम नाही, काही नाही.

“एक चूल राहिली.”

आईचा आवाज आला म्हणून सगळे वळले. कित्येकांनी तो पहिल्यांदाच ऐकला असणार. बापाने विचारलं, “कुणाची?”

“माझी.”

“तुझी? तू माझ्या चुलीत हायस.”

“कोणत्या मांडवातून आले तुझ्या चुलीत? पवनीआजे, तू धवले गायलीस का माझ्या लग्नाचे?”

पवनीआजी खेकडा निवडत होती. “नाय बाय. माझ्या तोंडातून नाय निघाले. ताडी प्याले तरी मी लगीन विसरत नाय.”

“लगीन नाय तर ती बापाच्या चुलीत,” कुणीतरी म्हातारा बोलला.

“बाप मेला,” आई म्हणाली.

“मग भावाच्या,” म्हातारा म्हणाला.

माझा बा हुशार. लगेच म्हणाला, “झालं तर! भावाच्या वाट्यात आला तिचा वाटा. उचला.”

आई दोन पावलं पुढे आली. “त्याची चूल ओली होती म्हणालास. माझी सुकी हाय. इतकी वर्षं तुझ्या घरात मीच फुंकते. तू एकदा तरी फुंकलीस?”

कुणी हसलं नाही. मग बायकांच्या बाजूने एक हसली, मग सगळ्याच. पवनीआजीने खेकड्याची नांगी मोडली आणि निवाडा दिला, “जी फुंकते तिची चूल. टाक रं लखमा वाटा.”

वाटायची मासळी संपली होती. मामाचा न उचललेला वाटा सोडला तर उरला होता एकच, आमच्या घरचा. बापाने आईकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, मग खाली बसून आमचा वाटा दोन पानांवर केला. मरळीचं डोकं त्याला फार आवडायचं. ते त्याने आईच्या पानावर ठेवलं. हे मी फुगवून सांगत नाही.

आईने ते पान उचललं. घरी जाईल असं वाटलं, पण ती तिथेच बसली. नदीतले तीन दगड मांडले, वाळलेल्या काटक्या घातल्या. फुंकणी नव्हती, तोंडानेच फुंकू लागली, लांब, सावकाश. हंडी चढली, चिंचेचा वास सुटला. मग तिने हाक मारली, “दादा, ये. ही लखमाची चूल नाय.”

मामा टोपली घेऊन उभाच होता. आपण नक्की काय शपथ घेतली होती ते तो मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघत होता, असं मला वाटतं. लखमाच्या चुलीवरचा घास. लखमाच्या घरचं पाणी. ही चूल सोनीची, हे पाणी नदीचं. त्याने भोपळा गळ्यातून काढून वाळूत ठेवला आणि बहिणीसमोर मांडी घालून बसला. आईने पळसाच्या पानावर मरळीचं डोकं वाढलं. तो जेवला. घाईने नाही. काटे काढून एका बाजूला नीट ओळीने ठेवत जेवला. लोक वाटे घेऊन घरी जायचे ते तसेच उभे. कुत्रीसुद्धा बसून होती.

बा लांब वाळूत उकिडवा बसला होता. शेवटी न राहवून म्हणाला, “सोने, मला पण वाढ.”

आई हंडीतच बघत म्हणाली, “दादाला विचार. मी त्याच्याकडची.”

बा उठला. चालत आला. एवढा मोठा माणूस, चिखलाने माखलेला, मामापुढे खाली बसला. त्याचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. “काकड्या, तुझी बहीण मला दे.”

मामाने घास गिळला. “हे तोंड तव्हा कठं होतं?”

“तव्हा पण हेच होतं. चाललं नको तिकडं.”

मामाने आपलं पान त्याच्याकडे सरकवलं. “काटे बघून खा,” म्हणाला.

जानी माझं मनगट सोडून पळत सुटली, ती थेट आंघोळीला. माझ्या मनगटावर तिची बोटं उमटली होती. बारीक बघितलं तर अजून दिसतात.

लग्न झालं ते त्यानंतर लगेच, पावसाच्या पुष्कळ आधी. सवासिणींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक काढला, एवढा देखणा की बैल चारा सोडून बघत बसला. मामाने उंबरा चढताना पाय जरा उचलून धरला, मग ठेवला. आईचा हात धरून तिला चौकासमोर आणलं. गळ्यात भोपळा तसाच, सवय. पवनीआजीने बापाची ती फजिती केली. नवऱ्याचे केस पिकले तरी नवऱ्याला चूल फुंकता येईना, असं काहीतरी जुळवून गात होती, आणि सगळ्या बायका ते पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बा हळदीने पिवळा होऊन बसला होता. लोकांनी मला विचारलं, “काय रं बारक्या, बाप आवडला का?” मी म्हटलं, दुसरा बघायला वेळ कुठे होता. मग त्याच मांडवात देवराम आला, बैलाकडे न बघता या खेपेला, आणि मी जानीचा हात धरून तिला नेलं. तिचा हात गार होता. चार पावलांची जागा, पण तिने माझा हात असा धरला होता की जणू आम्ही नदी ओलांडतोय. आई चौकाशेजारी बसली होती, हळदीची, नवी नवरी आणि नवरीची आई एकाच वेळी. ती माझ्याकडे बघत होती. जानीच्या मागे कोण उभं आहे, तेवढंच.

डोहाकाठचे ते तीन दगड आईने लग्नाच्या आधीच टोपलीत घालून घरी आणले होते. ते अंगणात मांडले. घरात चूल होतीच, ती दोघांची. अंगणातली तिची. बापाची थाप फार लांब गेली की ती बाहेर जाऊन ती पेटवायची, आणि बापाला दुसऱ्या दिवशी मामाकडे नदीपलीकडे जाऊन बहीण परत मागून आणावी लागायची. मामा दर वेळी सुरुवातीपासून विचारायचा, “पोरगी कुणाची?” मामाने पुढे आयुष्यभर आमच्याकडे जेवायचं ते अंगणातल्याच चुलीवरचं. शपथ ती शपथ. बापाने म्हातारपणी ही गोष्ट अशी सांगायला सुरुवात केली की डोहाची युक्ती त्याची, मरळ त्याने एकट्याने धरली, आणि अस्वलाने स्वतः येऊन मांडवाचा खांब रोवला. आई ऐकून घ्यायची आणि एकदाच लांब फुंकर मारायची.

आता तिघंही नाहीत. पाड्यावरची पोरं ठाण्या-मुंबईला कामाला जातात, सणाला येतात. मासळी पूर्वीइतकी नाही, पण डोह अजून उपसतात. या उन्हाळ्यात नावं पुकारायला जामसरहून आलेला जानीचा नातू होता. मोबाईलवर बेरीज करून वाटे टाकत होता, पळसाच्या पानाऐवजी प्लास्टिकच्या पिशव्यांत. पुकारून झालं. मी म्हटलं, “एक चूल राहिली.” त्याने पुन्हा बोटाने मोजलं. “आजा, सगळ्या झाल्या. कुणाची राहिली?” मी सांगितलं, माझ्या आईची. तो हसला. “ती तर कव्हाच गेली की.” जानी काठी टेकत उभी होती, तिने ती काठी त्याच्या पायावर आपटली. “टाक रं. मोजायचं राहिलं की काय होतं ते तुला माहीत नाय.”

वाटा पडला. दर वर्षी पडतो. मी तो घरी आणतो, अंगणातल्या तीन दगडांवर चिंच घालून शिजवतो, पान वाढून ठेवतो. सून विचारते, हे कोण खातं? मी तिला सांगतो, तुझी आजेसासू येते, बसते, सावकाश जेवून जाते, मी माझ्या डोळ्यांनी बघतो. काटे तेवढे माझ्या पानावर निघतात.